पडद्यावर चेहरा आपला, लेखणी कुणाची?

फेब्रुवारी आला की अमेरिकेत 'ब्लॅक हिस्टरी मंथ' पाळला जातो आणि 'पहिला कृष्णवर्णीय नट', 'पहिली कृष्णवर्णीय नायिका' अशा याद्या आपल्या मोबाईलपर्यंत येऊन पोहोचतात. आपले कार्यकर्तेही त्या आनंदाने पुढे पाठवतात. त्यात वाईट काही नाही. पण या याद्यांबद्दल आमची एक तक्रार आहे. 'पहिला' हा शब्द असा वापरला जातो की जणू दार उघडेच होते आणि कुणीतरी आत येण्याचीच काय ती वाट होती. दार कुणी लावून घेतले होते, उघडताना कोणत्या अटी घातल्या, आत गेलेल्याच्या तोंडी कोणते शब्द दिले आणि ते बोलायला नकार देणाऱ्याचे पुढे काय झाले, यातले काहीच त्या यादीत नसते.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, म्हणजे हार्लेमच्या शेजारीच. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरचे नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आले. या नात्यातून आपण त्यांचे कवी वाचले, नेते वाचले. त्यांचा टेलिव्हिजन मात्र निव्वळ करमणूक समजून बाजूला ठेवला. खरे तर १९५०च्या दशकात दक्षिणेत शाळा वेगळ्या होत्या आणि उत्तरेत वस्त्या वेगळ्या होत्या. अशा देशात लाखो गोऱ्या कुटुंबांना कृष्णवर्णीय माणूस घरात भेटला तो त्या पेटीतूनच. तो कसा दिसावा, हे ठरवणारा मात्र दुसराच कुणी होता.

प्रतिनिधी आपल्यातला असणे आणि तो आपण निवडलेला असणे यातला फरक पुणे कराराच्या इतिहासाने आपल्याला चांगलाच शिकवला आहे. तोच फरक मनात ठेवून या नटनट्यांकडे पाहावे, असे आम्हाला वाटते.

१९५० साली एबीसी वाहिनीवर 'ब्यूला' ही मालिका सुरू झाली. ब्यूला ही हेंडरसन नावाच्या गोऱ्या कुटुंबातली मोलकरीण. घरातले सगळे पेच ती सोडवते. मालकीण खूश, मालक खूश, मुलगा खूश. ब्यूलाला स्वतःचे घर, स्वतःचे दुःख असे जवळजवळ नाहीच. हे पात्र आधी रेडिओवर होते, आणि तिथे सुरुवातीला मार्लिन हर्ट नावाचा गोरा पुरुष आवाज बदलून ब्यूला होत असे! टेलिव्हिजनवर ही भूमिका एकामागून एक तिघींनी केली: एथेल वॉटर्स, हॅटी मॅकडॅनियल आणि लुईझ बीव्हर्स. वॉटर्स या ब्रॉडवे गाजवलेल्या गायिका-अभिनेत्री. मॅकडॅनियल तर ऑस्कर मिळवलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. असे तीन कसदार कलावंत, आणि तिघींच्या वाट्याला एकच ॲप्रन.

मॅकडॅनियल यांचा तो ऑस्कर १९४० सालचा, 'गॉन विथ द विंड'मधल्या मोलकरणीच्याच भूमिकेसाठी मिळालेला. समारंभ ज्या हॉटेलात झाला तिथे त्यांना चित्रपटातल्या इतर कलावंतांपासून वेगळे, बाजूच्या टेबलावर बसवले होते. नागरी हक्कांसाठी १९०९ पासून लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने त्यांच्या भूमिकांवर सडकून टीका केली. त्यावर त्यांच्या नावाने एक उत्तर सांगितले जाते: मोलकरीण होऊन आठवड्याला सात डॉलर घेण्यापेक्षा मोलकरणीचे काम करून सातशे घेतलेले बरे. हे उत्तर ऐकून हसणे किंवा नाक मुरडणे सोपे आहे. पण मॅकडॅनियल यांनी चित्रपटात येण्याआधी पोटासाठी खरोखरच लोकांच्या घरी कामे केली होती. त्या अनुभवाने हे बोलत होत्या. १९५२ साली त्या वारल्या. हॉलिवूडच्या दफनभूमीत आपल्याला पुरावे अशी त्यांची इच्छा होती. ती दफनभूमी गोऱ्यांसाठीच राखीव, म्हणून नकार मिळाला. ज्या शहरासाठी आयुष्यभर हसतमुख मोलकरीण उभी केली, त्या शहराने त्यांना मेल्यावरही वेगळ्या जागी पाठवले.

आता 'एमॉस अँड अँडी'. या मालिकेवर थोडे थांबावे लागेल, कारण चळवळ आणि कलावंत यांच्यातला सगळा पेच इथे उघडा पडतो.

फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोन गोरे १९२८ पासून रेडिओवर कृष्णवर्णीयांचे आवाज काढून हा कार्यक्रम करत होते. तो देशभर तुफान लोकप्रिय झाला. १९३० साली त्यांनी तोंडाला काळा रंग फासून यावर चित्रपटही केला. टेलिव्हिजनवर मात्र रंग फासणे शोभेना, म्हणून सीबीएस वाहिनीने खरे कृष्णवर्णीय नट शोधले. ॲल्विन चिल्ड्रेस एमॉस झाले, स्पेन्सर विल्यम्स अँडी झाले, टिम मूर 'किंगफिश' झाले. किंगफिशच्या बायकोच्या भूमिकेत अर्नेस्टीन वेड होत्या. जून १९५१ मध्ये मालिका सुरू झाली. प्रमुख पात्रे सगळी कृष्णवर्णीय असलेली ही पहिलीच मालिका. यादी करणाऱ्यांना आणखी काय हवे!

त्याच आठवड्यात अटलांटा येथे एनएएसीपीचे अधिवेशन भरले होते. तिथेच मालिकेच्या निषेधाचा ठराव झाला. संघटनेचे म्हणणे साधे आणि नेमके होते. या मालिकेत कृष्णवर्णीय वकील लबाड, डॉक्टर भोंदू, बायका भांडकुदळ आणि पुरुष कामचुकार. गोऱ्यांच्या एखाद्या मालिकेत लबाड वकील आला तर शेजारच्या वाहिनीवर दहा सज्जन वकील दिसतात. आमच्या बाबतीत मात्र पडद्यावर एवढेच आहे, त्यामुळे प्रेक्षक यालाच अख्खा समाज समजतो. आमच्या मते या युक्तिवादात आजही एक अक्षर बदलण्याची गरज नाही.

पण नटांची बाजूही ऐका. स्पेन्सर विल्यम्स हे कुणी हाती लागलेले विदूषक नव्हते. ते पहिल्या महायुद्धातले सैनिक. १९४१ साली त्यांनी 'द ब्लड ऑफ जीझस' हा चित्रपट स्वतः लिहून, स्वतः दिग्दर्शित केला. फक्त कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी असलेल्या चित्रपटगृहांत तो चालला. पन्नास वर्षांनी, १९९१ साली, अमेरिकेने त्या चित्रपटाची राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंद केली. असा माणूस अँडी करायला आला, कारण त्याच्यासारख्या दिग्दर्शकाला हॉलिवूडच्या कुठल्याही स्टुडिओत काम मिळणार नव्हते. सेटवर गॉस्डेन त्यांना अँडीने कसे बोलावे, उच्चार कसे मोडावेत, हे शिकवायला गेले. विल्यम्स यांनी विरोध केला. कृष्णवर्णीय माणूस कसा बोलतो हे मला ठाऊक असायला हवे, जन्मभर मी तोच आहे, अशा अर्थाचे काहीतरी त्यांनी सुनावले. ही हकीगत त्यांनी पुढे स्वतः सांगितली. जन्माने कृष्णवर्णीय असलेल्या माणसाला कृष्णवर्णीय कसे असावे हे गोऱ्या माणसाने शिकवायचे! वर्चस्व म्हणतात ते याला. आपल्या बोलीचे, आपल्या वस्तीचे सोंग दुसऱ्याने आणलेले पाहिलेल्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

याच मालिकेत 'लाइटनिन' नावाच्या मंद झाडूवाल्याचे काम करणारे निक स्टुअर्ट यांचीही आठवण ठेवली पाहिजे. त्या भूमिकेच्या कमाईतून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी एडना यांनी लॉस एंजेलिसमध्ये 'एबनी शोकेस थिएटर' चालवले. टेलिव्हिजनवर झाडू हातात घेऊन अडखळायचे आणि त्या पैशातून आपल्या माणसांसाठी असा रंगमंच उभा करायचा, जिथे कृष्णवर्णीय नटाला डॉक्टर, प्रियकर, राजा काहीही होता येईल. या माणसाला गद्दार म्हणायचे की चळवळीचा सैनिक? आम्ही दुसऱ्या बाजूला आहोत.

१९५३ मध्ये दारू कंपनीने प्रायोजकत्व काढून घेतले आणि मालिका बंद पडली. जुने भाग मात्र स्थानिक केंद्रांवर १९६६ पर्यंत दाखवले जात होते. म्हणजे समाजाची बदनामी आणखी तेरा वर्षे चालली आणि नव्या भागांतून नटांना मिळणारे काम तेवढे गेले. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. कृष्णवर्णीय कुटुंबाला किंवा व्यक्तीला मध्यभागी ठेवणारी विनोदी मालिका राष्ट्रीय वाहिनीवर पुन्हा यायला १९६८ साल उजाडले. पंधरा वर्षे! काही अभ्यासक याचा दोष एनएएसीपीच्या माथी मारतात. आंदोलन केले म्हणून होती नव्हती ती कामेही गेली, असा त्यांचा सूर असतो. हा सूर आम्हाला ओळखीचा आहे. अपमान सहन केला असता तर भाकरी तरी मिळाली असती, हे आपल्यालाही पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले आहे. संघटनेने चांगले लिहा अशी मागणी केली होती. वाहिन्यांनी लिहिणेच बंद केले. दार लावून घेणाऱ्याचा दोष दार ठोठावणाऱ्यावर टाकता येत नाही.

दार कसे लावले जात होते, हेही पाहा. त्या काळात कार्यक्रमाचा खर्च प्रायोजक कंपनी उचलत असे आणि गोरा ग्राहक नाराज होईल ही भीती तिला सतत असे. नॅट किंग कोल यांच्याएवढा लाडका गायक नव्हता. त्यांचा कार्यक्रम नोव्हेंबर १९५६ मध्ये एनबीसीवर सुरू झाला आणि देशपातळीवरचा प्रायोजक एकही न मिळाल्याने सुमारे वर्षभराने संपला. एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफॉन्टे अशी मंडळी मैत्रीखातर किरकोळ मानधनावर येऊन गेली, तरीही.

दुसरा अडसर स्थानिक केंद्रांचा. न्यूयॉर्कची वाहिनी कार्यक्रम बनवते, पण गावोगावी तो दाखवायचा की नाही हे तिथले केंद्र ठरवते. याचे उदाहरण म्हणून आम्ही 'ईस्ट साइड / वेस्ट साइड' या मालिकेकडे वळतो. आमच्यासारख्या सामाजिक कार्यकर्त्यांना ती विशेष जवळची वाटावी अशी आहे. सीबीएसवर १९६३-६४ मध्ये आलेल्या या मालिकेचा नायक न्यूयॉर्कमधला समाजसेवक आहे. ते काम जॉर्ज सी. स्कॉट यांनी केले. त्याच्या कचेरीतली सचिव जेन फॉस्टर म्हणजे सिसिली टायसन. भूमिका तशी छोटी, पण या मुलीच्या हातात झाडू नाही, फाईल आहे. आणि केस सरळ केलेले नाहीत, आखूड कापलेले, जसे मुळात असतात तसे आहेत. अमेरिकन टेलिव्हिजनवर हे नवीन होते. कृष्णवर्णीय स्त्रियांना आपले केस रसायनाने, गरम लोखंडाने सरळ करून घ्यावे लागत, तरच त्या 'नीटनेटक्या' मानल्या जात. टायसन यांच्यामुळे केस सरळ करणाऱ्या दुकानांचे गिऱ्हाईक तुटू लागल्याची तक्रार करणारी पत्रे आली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. एका छोट्या भूमिकेने एवढे केले.

या मालिकेचा 'हू डू यू किल?' हा भाग नोव्हेंबर १९६३ मध्ये दाखवला गेला. हार्लेममधल्या पडक्या चाळीत राहणारे तरुण जोडपे. त्यांच्या तान्ह्या बाळाला उंदीर चावतो आणि ते दगावते. आईबापाच्या भूमिकेत डायना सँड्स आणि जेम्स अर्ल जोन्स. कुणी खलनायक नाही. घरमालक आहे, नगरपालिका आहे, बेकारी आहे. वस्तीत काम केलेल्या कुणालाही हा भाग पाहताना अनोळखी वाटणार नाही. दिग्दर्शनासाठी या भागाला एमी पुरस्कार मिळाला. दक्षिणेतल्या अटलांटा आणि श्रीव्हपोर्ट इथल्या केंद्रांनी तो दाखवायलाच नकार दिला. एकाच हंगामात मालिका संपली.

स्थानिक केंद्रांची ही दादागिरी मोडली ती मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात, आणि मोडणाऱ्यांत नट कुणी नव्हते. डब्ल्यूएलबीटी हे तिथले केंद्र. त्याच्या क्षेत्रातली सुमारे ४५ टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय, आणि केंद्राचा व्यवस्थापक वर्णभेदाचे समर्थन करणाऱ्या सिटिझन्स कौन्सिलचा सदस्य. १९५५ साली थर्गुड मार्शल पडद्यावर दिसू लागताच 'तांत्रिक बिघाड' अशी पाटी लावून या केंद्राने कार्यक्रम तोडला होता. एनएएसीपीचे तिथले कार्यकर्ते मेडगर एव्हर्स वर्षानुवर्षे तक्रारी करत राहिले. मे १९६३ मध्ये त्यांना अखेर या केंद्रावर बोलायला वेळ मिळाला. १२ जूनला त्यांच्या घरासमोर त्यांना गोळी घातली गेली.

पुढच्या वर्षी युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या एव्हरेट पार्कर यांनी स्थानिक माणसांना घेऊन केंद्राचे कार्यक्रम आठवडाभर नोंदवून घेतले आणि परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घेतली. आयोग म्हणाला, प्रेक्षकाला हरकत घेण्याचा अधिकारच नाही. प्रकरण न्यायालयात गेले. १९६६ साली निकाल लागला की प्रेक्षकालाही बाजू मांडण्याचा अधिकार आहे. १९६९ साली न्यायालयाने परवाना रद्द ठरवला आणि १९७२ साली त्याच केंद्राच्या महाव्यवस्थापकपदी विल्यम डिलडे हे कृष्णवर्णीय गृहस्थ आले. टेलिव्हिजनच्या इतिहासात आम्हाला विचाराल तर ही घटना कुठल्याही चुंबनदृश्याहून मोठी आहे. पण ती कुठल्याच यादीत नसते. चित्र काढता येत नाही ना तिचे.

चुंबनाचे नाव निघाले म्हणून 'स्टार ट्रेक'. निशेल निकोल्स यांची लेफ्टनंट उहुरा १९६६ पासून अंतराळयानावर अधिकारी होती. तिचे नाव स्वाहिलीतल्या स्वातंत्र्य या अर्थाच्या शब्दावरून घेतलेले. पटकथेत तिला दोनचार वाक्यांपलीकडे काही मिळेना, म्हणून त्या मालिका सोडायला निघाल्या होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून थांबवले, हे निकोल्स यांनी अनेकदा सांगितले आहे. नोव्हेंबर १९६८ मधले कॅप्टन कर्कसोबतचे त्यांचे चुंबन फार गाजते. पण कथा काय आहे? परग्रहावरचे लोक मनाच्या शक्तीने त्या दोघांना जबरदस्तीने तसे करायला लावतात. भविष्यातल्या कथेतही गोरा पुरुष आणि कृष्णवर्णीय स्त्री आपल्या मर्जीने एकत्र येऊ शकली नाहीत! निकोल्स यांचे खरे मोठे काम पुढचे. १९७७ पासून त्यांनी नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवार शोधण्याची मोहीम केली. १९७८ च्या अंतराळवीरांच्या तुकडीत गायन ब्लूफोर्ड आणि रोनाल्ड मॅकनेअर होते.

त्याच १९६८ साली 'जूलिया' आली. डायहॅन कॅरोल त्यात परिचारिका आहेत, पती व्हिएतनाममध्ये मारला गेलेला, लहान मुलगा सोबत. मोलकरीण नसलेली कृष्णवर्णीय नायिका. किंग यांची हत्या होऊन पाच महिने झाले होते, शहरे जळून गेली होती आणि जूलिया सुंदर सदनिकेत गोऱ्या शेजाऱ्यांशी गोड बोलत होती. लेखक हाल कँटर हे गोरे, आणि पूर्वी 'एमॉस अँड अँडी'साठी लिहिलेले. कॅरोल यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले की हे पात्र गोऱ्यांना सोसेल असे बेतलेले आहे. आपल्याच मालिकेबद्दल असे बोलायला धाडस लागते. बिल कॉस्बी यांची 'आय स्पाय' याआधी, १९६५ साली आली होती आणि तिने त्यांना ओळीने तीन एमी मिळवून दिले. कॉस्बी यांच्यावर पुढे अनेक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले, २०१८ मध्ये शिक्षा झाली, २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने ती कायदेशीर कारणावरून रद्द केली. 'पहिला' म्हणून कुणालाही देव्हाऱ्यात बसवू नये, एवढे या प्रकरणातून कळले तरी पुरे.

आणि आता 'गुड टाइम्स'. १९७४ साली आलेल्या या मालिकेची कल्पना एरिक माँटे आणि माइक एव्हान्स या दोन कृष्णवर्णीय लेखकांची. माँटे शिकागोच्या सरकारी वसाहतीत वाढलेले, आणि मालिका तशाच वसाहतीतल्या एका कष्टकरी कुटुंबाची. आई फ्लोरिडा म्हणजे एस्थर रोल. त्यांच्यापुढे आधी नवरा नसलेल्या बाईची भूमिका ठेवली होती. त्यांनी अट घातली की घरात बाप असेल तरच काम करीन. कृष्णवर्णीय घरात बाप नसतोच, हे समाजशास्त्राच्या आणि सरकारी अहवालांच्या भाषेत त्या काळी सर्रास सांगितले जात होते. हे विवेचन आम्हीही वर्गात शिकलो आहोत. एका नटीने त्याला भूमिका नाकारण्याच्या बळावर उत्तर दिले. जॉन एमॉस तो बाप झाले: दोनदोन नोकऱ्या करणारा, चिडणारा, मुलांवर जीव टाकणारा.

मग थोरल्या मुलाचे, जेजेचे, सोंग लोकांना आवडू लागले. डोळे फिरवणे, एकच शब्द दर भागात ओरडणे. लेखक त्याच्याच मागे लागले. डॉक्टर, वकील होण्याची स्वप्ने पाहणारी धाकटी दोन मुले मागे पडली. रोल आणि एमॉस दोघांनीही विरोध केला, मुलाखतींतून बोलून दाखवले. एमॉस यांना काढून टाकण्यात आले आणि १९७६ च्या हंगामात बापाला मोटार अपघातात मारण्यात आले. ज्या बापासाठी अट घातली होती तोच गेला. पुढच्या वर्षी रोलही बाहेर पडल्या. प्रेक्षक घटले, तेव्हा त्यांना परत बोलावले. त्या आल्या त्या पुन्हा अटी घालूनच: जेजेला जबाबदार माणूस करा.

काढून टाकल्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९७७ मध्ये, एमॉस पुन्हा पडद्यावर दिसले. ॲलेक्स हेली यांच्या 'रूट्स'वरची मालिका एबीसीने सलग आठ रात्री दाखवली. तरुण कुंटा किंटे लेव्हार बर्टन, त्याची आई सिसिली टायसन, आणि पळून जाण्याचा प्रयत्न केला म्हणून पाऊल तोडला गेलेला प्रौढ कुंटा म्हणजे जॉन एमॉस. शेवटचा भाग सुमारे १० कोटी लोकांनी पाहिला असा अंदाज आहे. गुलामीची गोष्ट गुलामांच्या बाजूने एवढ्या लोकांनी एकत्र बसून याआधी कधी पाहिली नव्हती. त्या आठ रात्रींचे दिग्दर्शन चौघांनी केले. चौघांपैकी कृष्णवर्णीय एकच, गिल्बर्ट मोझेस.